गॅलरी दोनचा सुतार

आमच्या कंपनीच्या ब्रोशरवर एक उधळलेला घोडा होता आणि त्याखाली ‘परंपरा आणि परिपूर्णता’ असं दोन भाषांत छापलेलं होतं. कंपनी आखातात, मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत होती आणि तिला जेमतेम अकरा वर्षं झाली होती. आम्ही हॉटेलांचे रिसेप्शन काउंटर, सोन्याच्या दुकानांची शोकेसं आणि बँकांची पार्टिशनं बनवायचो. घोडा कुठून आला हे मी कधी विचारलं नाही. माझं काम कागदांचं. ड्रॉइंग आली की त्यांना नंबर द्यायचे, बदल झाले की जुनी रद्द करायची, क्लायंटला पत्रं लिहायची, आणि माल परदेशी बसवायला जे लोक जात त्यांचे व्हिसाचे कागद तयार करायचे. पुण्यात मी इतिहास शिकलो होतो. त्या पदवीचा तिथे एवढाच उपयोग झाला की आमच्या पत्रांत स्पेलिंगच्या चुका नसत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा युरोपातल्या एका इंटिरियर कंपनीनं आम्हाला एक काम दिलं. कागदांवर फक्त ‘म्युझियम, गॅलरी एक ते चार’. तिकडे बनवण्यापेक्षा आमच्याकडे बनवून जहाजानं नेणं त्यांना परवडत होतं. म्युझियम कसलं, हे कोणाच्या मनात आलं नाही. काचेच्या पेटीत काय ठेवणार याच्याशी पेटी बनवणाऱ्याला घेणं नसतं. मी पाट्यांचा मजकूर तपासायला घेतला तेव्हा मला कळलं. महायुद्धात ज्यूंचा जो संहार झाला, त्याचं ते स्मारक होतं, आणि त्यांनी जो प्रतिकार केला त्याचंही. गॅलरी दोन प्रतिकाराची. चोरून भरवलेल्या शाळा, तळघरात छापलेली पत्रकं, भिंतीपलीकडून आणलेली दोनचार पिस्तुलं.

मी तो मजकूर फाइलला लावला आणि गप्प बसलो. त्या काळात तिथे ज्यूंच्या देशाचं नावसुद्धा ऑफिसात कोणी काढत नसे. आपली मराठी माणसं ‘तिकडे’ म्हणत. तिकडे फोन लागत नसे, तिकडे थेट पत्र जात नसे. आमचा साताऱ्याचा इलेक्ट्रिशियन एकदा ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे आला. “साहेब, गॅलरी दोनवर नुसतंच रेझिस्टन्स लिहिलंय. किती ओहम धरू?” मी म्हणालो, तो वेगळा रेझिस्टन्स आहे, तुम्ही लाइटचं बघा. “वेगळा म्हणजे?” मी म्हणालो, मोजता न येणारा. तो माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघून निघून गेला.

त्या गॅलरीत एक तीन मजली लाकडी खाट करायची होती. ड्रॉइंगवर ‘बंक, थ्री टियर, कॅम्प’ असं लिहिलेलं. आता मुसफ्फात कॅम्प म्हटलं की दुसरा अर्थच नाही. कामगार राहतात तो कॅम्प. संध्याकाळी कंपनीची बस जिथे सोडते तो कॅम्प. घरच्या पत्रावर पत्ता म्हणून जे लिहितात तेही कॅम्प. आमच्या सुतारांनी अशा खाटा शेकड्यांनी केल्या होत्या, आणि त्यांवर झोपतही होते. त्यांना वाटलं, कुठल्यातरी कॅम्पची ऑर्डर चुकून म्युझियमच्या फाइलमध्ये आली आहे. फोरमन रत्नागिरीकडचा मुसलमान गृहस्थ, वयानं आम्हा सगळ्यांत मोठा. सगळे त्याला चाचा म्हणत. चाचानं ड्रॉइंग बघितलं आणि त्यात त्याला चुकाच चुका दिसल्या. लाकूड खरबरीत ठेवा म्हटलं होतं. वरच्या मजल्याला कठडा नव्हता. चढायला शिडी नव्हती. आणि मधल्या मजल्याची एक फळी ‘सैल’ दाखवली होती, म्हणजे ड्राफ्ट्समनची हद्दच.

काम ज्याच्याकडे दिलं तो अलिबागकडचा सुतार. पन्नाशीला आलेला, कमी बोलणारा, हात असा की त्याचा सांधा शोधून सापडायचा नाही. त्यानं खाट केली. पॉलिश पेपरनं घासून कडा गोल केल्या. वर कठडा लावला, बाजूला शिडी दिली. उशाशी पिशवी अडकवायला खुंटी ठोकली, आणि प्रत्येक मजल्यावर हाताएवढी फळी, चष्मा आणि देवाचा फोटो ठेवायला. सैल फळी स्क्रू मारून पक्की केली.

युरोपातल्या त्या कंपनीची प्रतिनिधी बाई तपासणीला आली. उंच, गळ्यात स्कार्फ, प्रत्येक वाक्य बोलण्यापूर्वी थोडी थांबणारी. ती खाटेसमोर इतका वेळ उभी राहिली की चाचाला वाटलं, पसंत पडली. मग ती मला हळूच म्हणाली, ही फार मायाळू खाट आहे. मला ते वाक्य सुतारांना मराठीत सांगता येईना. मी सांगितलं, बाईंना शिडी नको, कठडा नको, खुंटी नको आणि फळी सैलच हवी. त्या फळीखाली माणसं कागद लपवत होती, तेच तर दाखवायचंय.

“कोण माणसं?” चाचानं विचारलं.

तेव्हा मला त्या छळछावण्यांचं सांगावं लागलं. थोडक्यात सांगितलं, तरी ऐकणाऱ्यांचे हात थांबले. एक जण म्हणाला, “म्हणजे आपल्यासारखाच कॅम्प की.” अशी तुलना करण्याचा मोह शिकलेल्या माणसांनाही होतो; मलाही झाला होता, आणि तो स्वस्त आहे हेही मला कळत होतं. मी काही बोलण्यापूर्वी अलिबागचा सुतार खाली बघूनच म्हणाला, “नाय रे. आपल्या कॅम्पातनं माणूस सुट्टीवर घरी जातो.” आणि त्यानं स्क्रू काढायला घेतले.

तो कोण आहे हे मला दोन वर्षं आधीपासून माहीत होतं. त्याच्या आईचं एक ऑपरेशन बरं पार पडलं म्हणून एका शुक्रवारी त्यानं कॅम्पातल्या खोलीत नवस फेडला होता, आणि का कोण जाणे, मलाही बोलावलं होतं. परातीत भिजवलेले पोहे, वर खोबरं, साखर, भोवती केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी. खोलीतल्या बाकीच्यांना ती कोकणातली कुठलीतरी पूजा वाटली. चाचा म्हणाला, “मलिदा ना? आमच्यात पण असतो, उरुसाला.” सुतारानं डोक्यावर रुमाल टाकला आणि पुटपुटत काही म्हटलं. त्यात एक नाव दोनदा आलं, एलियाहू हन्नाबी. मी पुस्तकं वाचलेला माणूस. माझ्या डोक्यात लगेच दिवा लागला: बेने इस्राएली. कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिलेले मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावोगाव ज्यांना शनवार तेली म्हणत.

दुसऱ्या दिवशी त्याला एकटा गाठून मी हळूच विचारलं, “मिस्त्री, तुम्ही शनवार तेली का?”

त्यानं आजूबाजूला बघितलं. मग म्हणाला, “साहेब, तेल आमच्या आज्यानं पण कधी काढलं नाय. आम्ही सुतारच.” आणि थोड्या वेळानं, “कुठं बोलू नका.”

त्यानं कोणाला खोटं सांगितलं नव्हतं. मुंबईतल्या एजंटनं फॉर्म भरताना आडनावाच्या शेवटी ‘कर’ बघितलं, आणि धर्माच्या रकान्यात हिंदू टाइप केलं. “मला विचारलंच नाय,” तो म्हणाला. आमच्याकडे आडनाव ऐकलं की बाकीचं सगळं कळलं असं आपण धरून चालतो. तीच सवय त्याच्या उपयोगी पडली.

खाट दुरुस्त झाली त्या आठवड्यात तो माझ्या केबिनमध्ये आला. पहिल्यांदाच. दार लावून उभा राहिला, बसला नाही. त्याची आई आठ वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीबरोबर तिकडे गेली होती. तो ठाण्याला मेहुण्याच्या नावे पत्र पाठवायचा, मेहुणा ते दुसऱ्या पाकिटात घालून पुढे टाकायचा. आईचा आवाज त्यानं चार वर्षांत ऐकला नव्हता. सुट्टीत मुंबईहून तिकडे गेलो आणि पासपोर्टवर शिक्का बसला तर इकडे परत येता येणार नाही, ही धास्ती. इकडे आलं नाही तर अलिबागला चार माणसं जेवायची थांबणार. आणि आता आई थकली होती. हृदय दमलंय असं बहिणीनं कळवलं होतं.

“बसवायला दोन माणसं जाणार ना साहेब? तीन आठवडे?”

“जाणार.”

“बहीण म्हणते, आईला व्हीलचेअरवरनं म्युझियमच्या गावी आणते. विमानानं चार तास. दोन दिवस राहतील.” त्यानं दाराकडे एकदा बघितलं. “नाव लिस्टमध्ये घाला. बाकी काय बोलू नका.”

मी म्हणालो, लिस्ट मीच करतो, काळजी करू नका. मला ते वाक्य म्हणताना बरं वाटलं होतं, हे लिहून ठेवलं पाहिजे.

मी नाव घातलं. प्रतिनिधी बाईनं खोडलं. तिचा विचार सरळ होता. ज्यानं खाटेच्या कडा गोल केल्या, तो तिथे जाऊन आणखी काही गोल करील. तिला केरळचे दोघे हवे होते, जे ड्रॉइंगमध्ये असेल तेवढंच करतात. मी तिला त्याचे सांधे दाखवले. ती म्हणाली, सुंदर आहेत, पण आमच्या खाटेचे सांधे सुंदर नव्हते.

मला त्या वेळी दुसरंही करता आलं असतं. चाचाला पुढे घालून, त्या दोघांपैकी एकाला समजावून, नाव बदलून घेता आलं असतं. असं मुसफ्फात रोज होत होतं, आणि त्याला शिक्षण लागत नव्हतं. पण माझ्याकडे त्याहून मोठं काहीतरी होतं, एक गोष्ट, जी ऐकून कोणताही सुसंस्कृत माणूस विरघळला असता. मी ती सांगितली. कोकणचा किनारा, बंद घाणे, मलिदा, आणि ज्या स्मारकासाठी आपण ही खाट करतोय ती करणारा हात कोणाचा आहे. इंग्रजीत सांगितलं, माझं इंग्रजी त्या दिवशी फार चांगलं लागलं होतं. शेवटी म्हणालो, हे आपल्या दोघांतच राहू द्या.

तिनं चष्मा काढला. थोडी थांबली. “अर्थात,” म्हणाली. नाव लिस्टमध्ये आलं.

बाई खोटी नव्हती. तिनं फक्त तिच्या वरिष्ठांना सांगितलं, तेही आपल्या दोघांतच म्हणून. वरिष्ठांनी स्मारक समितीला सांगितलं. समितीच्या सभासदांना उद्‌घाटनाच्या कार्यक्रमात काहीतरी जिवंत हवंच होतं. दहा दिवसांनी फॅक्स आला, जनरल मॅनेजरच्या नावे, सहा पानी. उद्‌घाटनाचा सगळा तपशील त्यात होता. मंत्री कुठल्या दारानं येणार, पुष्पचक्रं कोणत्या क्रमानं वाहायची, चार वाद्यांचा ताफा कोणत्या कोपऱ्यात बसणार, भाषणं किती आणि कोणाचं किती मिनिटं. पाचव्या पानावर आमचा सुतार होता. ‘भारतीय ज्यू कारागीर’, त्याला मंचावर मंत्र्यांच्या डावीकडे खुर्ची, आणि त्याचं नाव, जन्मगाव व एक फोटो तातडीनं पाठवावा ही विनंती. फोटो शक्यतो हातात अवजार असलेला.

इतका हृद्य फॅक्स आमच्या मशीनवर पूर्वी कधी आला नव्हता. तो ऑफिसातल्या सगळ्यांनी वाचला.

अॅडमिनिस्ट्रेशन मॅनेजर मुंबईचे, दादरचे. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. गणपतीच्या कार्यक्रमात माइक तेच हातात घेत आणि सहिष्णुतेवर दहा मिनिटं बोलत; मी टाळ्या वाजवत असे. त्यांनी मला बोलावलं.

“अहो, फाइलवर हिंदू आहे.”

“एजंटनं टाइप केलंय.”

“केलं कोणी हा प्रश्न नाही. कंपनीनं चुकीची माहिती दिली असा अर्थ होतो. आणि तेसुद्धा काय, तर हे.” फॅक्सच्या पाचव्या पानावर त्यांनी बोट ठेवलं, पण शब्द वाचला नाही.

“माणूस दहा वर्षं इथं आहे. त्याला फक्त आईला भेटायचंय.”

“माझं पर्सनली काहीच नाही हो. आमच्या शेजारी होते त्यांच्यातले, भायखळ्याला राहायचो तेव्हा. उत्तम माणसं. पण उद्या अरबाबच्या कानावर गेलं तर?”

अरबाब म्हणजे कंपनीचे मालक. वर्षातून दोनदा येत, सगळ्यांशी हात मिळवत, खजूर वाटत आणि जात. मी म्हणालो, त्यांना विचारून तर बघू. मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे मी लहान मूल असल्यासारखं पाहिलं. “विचारायचं? आपण होऊन?” मग आवाज खाली आणून, “सरळ रिडंडन्सी दाखवू, जागाच कमी केली म्हणून. पूर्ण हिशोब देऊ. एक दिवसाची कटकट नाही. खलास करू हा विषय.”

अरबाबांना कोणी विचारलंच नाही. ते काय म्हणाले असते, मला आजही माहीत नाही. कदाचित खजूर दिले असते. त्यांच्या वतीनं घाबरण्याचं काम आम्हीच उरकून टाकलं, आणि त्या पत्राचं ड्राफ्टिंग माझ्याकडेच आलं. स्पेलिंगची एकही चूक नव्हती.

सुताराला मी स्वतः सांगायला गेलो. तो दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. मी सगळं सांगितलं, माझं नावही लपवलं नाही. त्यानं रंधा बाजूला ठेवला, हात पुसले आणि विचारलं, “मग लिस्ट?”

“लिस्टमधून काढलंय.”

“बहिणीनं तिकिटं काढलीत,” तो म्हणाला. एवढंच. मग पुन्हा रंधा उचलला आणि ती चौकट पुरी केली.

बाहेर चाचा उभा होता. त्यानं मला गोदामामागे नेलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“साहेब, मला पहिल्या वर्षापासनं ठाऊक होतं. मलिदा आमच्यात असतो, पण त्याच्यावर तो जे म्हणतो ते आमचं नाय. खोलीतल्या अर्ध्या पोरांना ठाऊक होतं. शनवारी तो मशीनला हात लावत नाय, मी त्याला मोजमापाचं काम देतो, कोणी विचारलं काय कधी?”



“तुम्ही शिकलेले,” चाचा म्हणाला. “आम्हाला वाटलं, तुम्हाला गप्प बसता येत असेल.”

नोकरी संपली म्हणून माणूस लगेच घरी जातो असं तिथे नव्हतं. व्हिसा रद्द व्हायला पासपोर्ट जातो, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, आणि तो परत येईपर्यंत माणूस कॅम्पात बसून राहतो. मी रोज चौकशी करत होतो. इन्शाल्ला, उद्या. माझ्या डोक्यात एक नवीनच आशा तयार झाली होती. आता इकडे परत यायचंच नसल्यामुळे शिक्क्याची भीती उरली नव्हती. मुंबईला उतरून तो पंधरा दिवसांत तिकडे जाऊ शकला असता. मी त्याला तसं सांगितलंही. तिकिटाचं मी बघतो म्हणालो. तो म्हणाला, “बघू, पासपोर्ट येऊ द्या.” युरोपातल्या बाईचाही फॅक्स आला. झालं त्याबद्दल समितीला अतीव खेद होता. सुताराच्या खुर्चीऐवजी कार्यक्रमात एक मिनिटाची स्तब्धता घातली होती.

पासपोर्टला पाच आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात ठाण्याच्या मेहुण्याचा चाचाच्या मोबाइलवर फोन आला. आई गेली होती, तीन दिवसांपूर्वी. त्यांच्यात पुरायला उशीर करत नाहीत, सगळं आटोपलंही होतं.

मी शुक्रवारी कॅम्पात गेलो. बारा जणांची खोली, सहा दुमजली खाटा. तो दोन खाटांच्या मधल्या जागेत फरशीवर बसला होता, पाठ भिंतीला. शर्टाची कॉलर एका बाजूनं फाडलेली, त्यांच्यात शोकात फाडतात तशी. खोलीतल्यांनी सुतक म्हणून घेतलं होतं आणि ते पाळत होते. कोणी रेडिओ लावत नव्हतं, त्याची चूल बंद म्हणून साताऱ्याचा इलेक्ट्रिशियन त्याचं ताट आणून समोर ठेवत होता. पत्ते खेळणारे बाहेर सावलीत जाऊन बसले होते. चाचानं मला दारातून आत घेतलं आणि म्हणाला, “बसा.”

मी चपला काढून सुतारासमोर फरशीवर बसलो. सांगायचं सगळं वाटेत बसमध्ये जुळवलं होतं. तेव्हा, माझ्या डोक्यात वेळी-अवेळी येतं तसं, एक वाचलेलं आठवलं. त्यांच्यात शोकाचे सात दिवस बसलेल्या माणसाशी आपण होऊन बोलायचं नसतं. जाऊन बसायचं, आणि तो बोलेपर्यंत थांबायचं. तो बोलला तर बोलायचं.

मी थांबलो. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, ओळख होती तशी मान हलवली, आणि पुन्हा फरशीकडे बघू लागला. कोपऱ्यात कूलर घरघरत होता. इलेक्ट्रिशियन ताट उचलायला आला, त्यातलं अर्धं तसंच होतं, त्यानं पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि गेला. चाचा दाराशी नमाजाला उभा राहिला, नमाज संपवून तिथेच बसला.

तासाभरानं मी उठलो. तो बोलला नव्हता.